फिट या शब्दाविषयी खुलासा

स्टोक, ११ जानेवारी १९९९

कोरिन पोरी,

बापाचं पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. फोन जिन्याखाली आहे आणि तुझी आई संध्याकाळभर तिथेच पायरीवर विणत बसते, म्हणून लिहायला घेतलं. अक्षराला हसू नकोस.

कारखान्याने मला घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत यायचं नाही, असं साहेब म्हणाला. तू जन्मायच्या आधीपासून मी तिथे चिनीमातीच्या किटल्या भट्टीत पाठवतोय, इतकी वर्षं मुकादम आहे, आणि मला फाटकावर अडवलं. तेही कुणामुळे, तर डॉना ब्रिंडलीमुळे. तुझ्याच वर्गातली. नाताळच्या नाटकात तुम्ही दोघी मेंढ्या झाला होतात, तीच. ती आता माझ्या हाताखाली किटल्यांच्या बाकावर आहे. अपेंडिक्सच्या ऑपरेशनमुळे रजेवर होती. गेल्या आठवड्यात कामावर आली तेव्हा मी म्हणालो, "काय डॉना, फिट." बस. दुसऱ्या दिवशी साहेबाच्या टेबलावर तिची तक्रार, की मी तिला घाणेरडं बोललो.

अगं, मी दिवसभर तोच शब्द बोलतो. झाकण किटलीवर ठेवायचं, फिरवून बघायचं. बसलं तर फिट, डगडगलं तर भंगारात. आजारी माणूस बरा होऊन आला तर त्याला दुसरं काय म्हणायचं?

माझ्यावर ठपका आला तर नोकरी गेलीच समज. या गावात दरवर्षी एक कारखाना बंद होतोय, पंचावन्न वर्षांच्या मुकादमाला कोण दारात उभं करणार? युनियनचा माणूस म्हणतो, तुझी पोरगी पदवीधर आहे, शाळेत भाषा शिकवते, तिच्याकडून त्या शब्दाबद्दल कागदावर काहीतरी लिहून आण. साहेबाला कागद आवडतो.

आई बरी आहे. तिने प्रेम कळवलंय.

तुझा,
बाबा

*

नॉरिच, १४ जानेवारी

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढचा तास मी वर्गाला नुसती कविता उतरवून घ्यायला लावली. कारखान्याला आयुष्य दिलेल्या माणसाला एका शब्दासाठी फाटकावर अडवतात, हे मला सहन होत नाही.

काय झालंय ते मला कळलंय, आणि ते तुम्हाला कुणी समजावून सांगितलेलं नसणार. 'फिट'चा आता आणखी एक अर्थ आहे. आमच्या वयाचे लोक आणि आमच्यापेक्षा लहान मुलं देखण्या माणसाला फिट म्हणतात. नुसतं देखणं नव्हे, ज्याच्याकडे बघून अंगात काहीतरी होतं तसं देखणं. माझ्या वर्गातल्या मुली खेळाच्या नव्या सरांबद्दल दिवसातून दहा वेळा म्हणतात. गेल्या आठवड्यात मी एका मुलाला म्हणाले, "ताप उतरला का? आता फिट आहेस ना?" तर सगळा वर्ग बाकांवर डोकी ठेवून हसला आणि त्या बिचाऱ्याचे कान लाल झाले.

तुम्ही शब्दशः बोललात. डॉनाने लाक्षणिक अर्थ घेतला. एवढीच गोष्ट आहे, आणि एवढ्यासाठी एका कुटुंबाचं जेवण पणाला लागलंय. डॉनाचा मला फार राग आलाय. तक्रार करण्याआधी तिने एकदा विचारायला हवं होतं, "मुकादम, तुम्हाला काय म्हणायचंय?" ती शाळेतही विचारायची नाही, आधी रडायची.

मी लिहून देते. अगदी व्यवस्थित लिहिते. मी शिकले ते अशाच वेळी उपयोगी पडावं म्हणून.

आईला सांगा काळजी करू नकोस.

तुमची,
कोरिन

*

स्टोक, १८ जानेवारी

कोरिन पोरी,

तुझं पत्र युनियनच्या माणसाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ही पोरगी वकील व्हायला हवी होती. मी म्हणालो, मास्तरीण वकिलापेक्षा जास्त ओरडते.

मला कसा माहीत असणार तो अर्थ? आमच्या वेळी सुंदर मुलीला सुंदर म्हणायचे, आणि तेही तिचा बाप जवळ नसला तर. हल्ली कुठला शब्द कधी उलटतोय काही कळत नाही. तू म्हणतेस ना, शब्दशः, तोच शब्द घाल त्यात. दोनदा घाल.

आणि एक ओळ डॉनाबद्दल टाक, की ती शाळेतही कांगावखोर होती, उगीच रडायची. तूच लिहिलंयस तसं. तू तिच्या वर्गात होतीस म्हटल्यावर त्याला वजन येईल. चौकशी अठ्ठावीसला आहे, त्याआधी पोचायला हवं.

मी घरात बसून बसून गंजलोय. काल ओटच्या पिठाचे ओटकेक भाजायला गेलो तर तवा जाळला. आई म्हणाली, तू भट्टीवरच बरा. तिने प्रेम कळवलंय.

बाबा

*

नॉरिच, २१ जानेवारी

प्रिय बाबा,

सोबत खुलासा पाठवतेय. डॉनाबद्दलची ओळ मी घातलेली नाही आणि घालणार नाही. मी तुम्हाला घरच्या पत्रात रागाने लिहिलं ते वेगळं. ती लहानपणी का रडायची ते मला माहीत नाही, आणि तिचं रडणं हा पुरावा नाही. मी फक्त शब्दाबद्दल लिहू शकते, कारण तेवढंच मला खात्रीने माहीत आहे. रागावू नका. खरी बाजू आपली असताना खोट्याची गरजच काय?

मजकूर असा आहे:

"मी कोरिन मॉल्किन, इंग्रजीची पदवीधर आणि शिक्षिका. श्री. क्लाइव्ह मॉल्किन माझे वडील आहेत, हे मी आधीच सांगते. फिट या शब्दाचा मूळचा, शब्दशः अर्थ निरोगी, कामाला योग्य, जागच्या जागी बसणारा असा आहे. माझ्या वडिलांच्या पिढीचे लोक तो याच अर्थाने वापरतात, आणि त्यांच्या कामात तो दिवसभर शब्दशः वापरला जातो. गेल्या काही वर्षांत तरुण लोक तो 'आकर्षक' या लाक्षणिक अर्थाने वापरू लागले आहेत. आजारातून उठलेल्या व्यक्तीला फिट म्हणणं ही विचारपूस आहे. कुमारी ब्रिंडली यांनी आपल्या पिढीचा अर्थ माझ्या वडिलांच्या तोंडी घातला, असं माझं मत आहे. त्यात त्यांचा वाईट हेतू असेल असं मला वाटत नाही. त्यांचा गैरसमज झाला."

शेवटची दोन वाक्यं युनियनच्या माणसाला नको असतील तरी ठेवा. ती राहिली तरच माझी सही खरी.

तुमची,
कोरिन

*

स्टोक, ३१ जानेवारी

कोरिन पोरी,

जिंकलो. साहेबाने तुझा कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "मॉल्किन, हे तर अगदी सरळ आहे." मग तो स्वतः खाली आला, सगळ्या बाकाला उभं केलं आणि तुझा खुलासा पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला, म्हणजे पुन्हा कुणाचा गैरसमज नको. तुझं नाव आलं तेव्हा माझी छाती केवढी झाली काय सांगू. माझ्या बाकावरचा रे म्हणाला, "आता तुला फिट म्हणायचं लायसन मिळालं, क्लाइव्ह."

डॉनाला साहेबाने माती कालवायच्या खोलीत पाठवलं, आम्ही दोघं समोरासमोर नकोत म्हणून. तिथे जरा थंडी असते, पाय ओले राहतात. शुक्रवारी तिने काम सोडलं. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं.

शनिवारी क्लबात पोरांनी मला पैसे काढू दिले नाहीत. तुझ्या नावाने दोन ग्लास झाले. नाताळात तू पाठवलेला फोटो फ्रिजवर लावलाय, त्यात तुझ्या शेजारी उभी आहे ती तुझ्या घरात राहणारी मैत्रीण ना? फिट आहे हो पोरगी. इस्टरला घेऊन ये तिला. घाबरू नकोस, शब्दाला आता तुझीच सही आहे.

आईने प्रेम कळवलंय.

तुझा अभिमानी,
बाबा

*

नॉरिच, ३ फेब्रुवारी

बाबा,

तुमची नोकरी राहिली याचा मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, म्हणून पत्राला वेळ लागला.

डॉनाला माती कालवायला का पाठवलं? तिचा गैरसमज झाला असं मी लिहिलं होतं, गुन्हा झाला असं नाही. गैरसमज झालेल्या माणसाला ओल्या फरशीवर उभं करतात का? आणि माझा कागद बाकापुढे वाचायचा कुणी ठरवलं? मी तो तीन माणसांच्या चौकशीसाठी लिहिला होता. ती तेव्हा तिथे होती का? तिच्यासमोर वाचला का? अपेंडिक्सचे टाके घालून आलेल्या मुलीला फेब्रुवारीच्या तोंडावर मातीच्या खोलीत पाठवलं आणि तुम्ही लिहिता, जरा थंडी असते. त्या खोलीबद्दल लहानपणी तुम्हीच सांगायचात, की तिथे टिकतो तो माणूस नव्हे, बदक.

माझ्या मैत्रिणीबद्दलची गंमत मला आवडली नाही. ती गंमत आहे हे मला कळतं. तरी ती ओळ वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून सरळ विचारते. त्या दिवशी तुम्ही डॉनाला "फिट" म्हणालात तेव्हा बाकावरचे बाकीचे काय म्हणाले? ती काय म्हणाली, तुम्ही काय म्हणालात, हे मला माहीत आहे. बाकीच्यांचं मी कधी विचारलंच नाही.

कोरिन

*

स्टोक, ८ फेब्रुवारी

कोरिन,

बापाची उलटतपासणी घ्यायला तुला शिकवलं नव्हतं. साहेबाने मला एवढं विचारलं नाही.

तुझ्या मैत्रिणीला फिट म्हणालो तर एवढं काय बिघडलं? तो अर्थ मला तूच शिकवलास. तुझं जानेवारीचं पत्र काढून बघ. आता मी तो वापरला तर तूच नाक मुरडतेस. शिकलेल्या लोकांचं हेच असतं, आधी शिकवायचं आणि मग शिकलो म्हणून मारायचं.

बाकीचे काय म्हणाले? हसले. काय म्हणणार? कामाच्या जागी माणसं हसतात, तुझ्या स्टाफरूमसारखं नाक वर करून बसत नाहीत. मी तिच्या पुढ्यातली किटली उचलली, झाकण वर ठेवलं, फिरवलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो, फिट. पोरं हसली. रेच्या हातून कप पडला, इतका हसला. रोजचं आहे ते, कुणालाच काही वाटत नाही, आधीच्या पोरींनी कधी तोंड उघडलं नाही. ही एकटी तोंड पाडून बसली. तीही हसली असती तर तिथेच संपलं असतं.

आणि ऐक. तू पदवीचा झगा घालून फोटो काढलास ना, तो त्या झाकणांच्या पगारावर. तो भिंतीवर आहे. खाली काढायची वेळ आणू नकोस.

आईने प्रेम कळवलंय.

बाबा

*

नॉरिच, ११ फेब्रुवारी

बाबा,

झाकणाला कोण हसतं?

तुमचं पत्र आल्यापासून मी हेच विचारतेय. झाकण किटलीवर बसलं तर कुणी हसत नाही. आजारी मुलगी बरी होऊन आली, मुकादमाने विचारपूस केली, तर कुणी हसत नाही. माझा वर्ग हसला तो अशासाठी, की त्याला दोन्ही अर्थ माहीत होते आणि मी एकच धरून बोलत होते. तुमचा बाक हसला, रेच्या हातून कप पडला, कारण तुम्ही दोन्ही अर्थ एकदम बोललात. एक हातातल्या झाकणाचा आणि एक डोळ्यांचा. तो अर्थ माहीत नसलेल्या माणसाला ही गंमत करताच येत नाही.

तुम्हाला तो मी शिकवलेला नाही. तुमच्याकडे तो आधीपासून होता. पकडल्यावर दाखवायला सज्जन अर्थ तेवढा हवा होता, तो तुम्ही माझ्याकडून मागून घेतलात, सहीसकट. आणि मी दिला. तुम्ही म्हणालात म्हणून नाही, मला ते खरं वाटलं म्हणून. मी इतक्या आनंदाने लिहिलं ते. शब्दशः, लाक्षणिक. मला वाटलं, घरातली पहिली शिकलेली पोर आज घराच्या कामाला आली. मला स्वतःचा जेवढा राग येतोय त्याच्या दुप्पट तुमचा येतोय, आणि तुमचा आधी येतोय.

"रोजचं आहे ते" असं तुम्ही लिहिलंत. "आधीच्या पोरींनी तोंड उघडलं नाही" असं लिहिलंत. किती पोरी, बाबा? हे लिहिताना पेन कुठेच अडलं नाही?

फोटो काढायचा असेल तर काढा. मी त्याच झाकणांच्या पगारावर शिकले हे मला माहीत आहे. डॉनासुद्धा त्याच झाकणांवर जगत होती.

मी आज साहेबाला पत्र पाठवलंय. माझा खुलासा मी मागे घेतलाय आणि का, ते लिहिलंय. तुम्ही मला काय लिहिलंत ते उतरवून दिलंय, मूळ पत्र माझ्याकडे आहे. एक प्रत डॉनाला पाठवली. एक तुम्हाला सोबत. पाठीमागून केलं असं म्हणू नका.

कोरिन

*

टनस्टॉल, १७ फेब्रुवारी

कोरिन,

तुझं पत्र मिळालं. मी आता आमच्या कोपऱ्यावरच्या ओटकेकच्या दुकानात आहे. पहाटे जावं लागतं पण ऊब असते. तेव्हा माझी काळजी असेल तर सोड.

माफी मागितलीयस. ठेवून घेते. वापरीन असं सांगत नाही.

तुझ्या पहिल्या कागदात लिहिलंय की माझा वाईट हेतू नव्हता. ती ओळ साहेबाने फार प्रेमाने वाचली. मी तिथेच उभी होते, हातात ओली किटली, ठेवायला जागा नव्हती. बिचारीला कळलं नाही, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. तुझा बाप जे बोलला त्याने मला संताप आला होता, पण लाज वाटली नव्हती. लाज त्या दिवशी वाटली. घरी गेल्यावर आईने विचारलं, "काय गं, त्याच्या पोरीने लिहिलंय ते खरं का, तुझाच काही घोटाळा झाला का?" माझ्या आईने.

तू माझ्याबद्दल लिहिलंस आणि मला एक ओळ टाकून विचारलं नाहीस. आमचं घर अजून तिथेच आहे, शाळेच्या मागे. दार तुला माहीत आहे.

आता दुसरा कागद पाठवलायस. छान लिहिलायस, तुला लिहिता येतंच. पण तो साहेबाच्या खणात जाईल. पहिला सगळ्यांसमोर वाचला होता. हाही त्याच बाकासमोर वाचला तर मला सांग. नाही तर पुन्हा लिहू नकोस.

डॉना

*

नॉरिच, २२ फेब्रुवारी

प्रिय आई,

हे पत्र घरी न पाठवता कारखान्यात तुझ्या फुलांच्या विभागाच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरचं टपाल बाबा उचलतात.

सोबत तीन कागद आहेत. माझा पहिला खुलासा, मी साहेबाला लिहिलेलं दुसरं पत्र, आणि त्यावर साहेबाचं उत्तर. ते चारच ओळींचं आहे. प्रकरण मिटलेलं आहे, कौटुंबिक मतभेदांत कारखाना पडत नाही, माझ्या भावना त्यांना समजतात. माझ्या भावना. मी पुरावा पाठवला होता.

बाबांच्या प्रत्येक पत्रात तू प्रेम कळवलंयस. तुला यातलं काय माहीत आहे मला माहीत नाही. मी तुला कधी वेगळं पत्र लिहिलं नाही, हे आज लक्षात आलं, आणि त्याचीही चीड आली.

इस्टरच्या सुट्टीत मी स्वतः येऊन तो कागद बाकासमोर वाचणार आहे. मला फाटकातून आत सोडणार नाहीत, तर फाटकावर वाचीन. पाळी सुटते त्या वेळी. तुला त्याच लोकांत रोज काम करायचंय, म्हणून आधी सांगतेय. मला अडवू नकोस.

तुझी,
कोरिन

*

स्टोक, १ मार्च

कोरिन,

फाटकावर उभी राहून वाचायला तू काय निवडणुकीला उभी आहेस? तिथे लॉऱ्यांच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही. आणि पाळी सुटल्यावर कुणी थांबत नाही, बस पकडायची असते.

आधी एक सांगते. तुझ्या बापाने माझ्या नावाने पाठवलेलं सगळं प्रेम त्याच्या मनचं. त्याने मला एकदाही विचारलं नाही, आणि पत्रं दाखवलीही नाहीत. मला म्हणाला, कोरिनला शब्दांची काहीतरी माहिती हवीय.

मी वरच्या मजल्यावर बसते हे तुला माहीत आहे. किटल्यांवर फुलांचे छाप चिकटवायचे, बुडबुडा राहू द्यायचा नाही. मधे नुसत्या फळ्या आहेत, खालचं हसणं वर येतं. बोलणं येत नाही, हसणं येतं. ते हसणं आलं की आम्ही वरच्या बायका मान खाली घालतो आणि फुलं चिकटवतो. डॉनाच्या आधी त्या वुलीशायरांच्या पोरीच्या वेळी आलं होतं. तिच्या आधी आणखी एकीच्या. खाली कोण पोरगी कामाला लागली हे आम्हाला हसण्यावरून कळायचं. असं किती वर्षं चाललंय ते मोजायची मला आता इच्छा नाही. तू मला विचारलं नाहीस, मी तुला सांगितलं नाही, यात तू एकटीच चिडलीयस असं समजू नकोस.

तुझा दुसरा कागद मी गुरुवारी वाचला. चहाच्या सुट्टीत खाली गेले आणि साहेब उभा राहिला होता तिथेच उभी राहिले. रे म्हणाला, "मॉरीन, वाट चुकलीस काय? फुलं वर आहेत." मी म्हणाले, "बसून राहा, तुझ्यासाठीच आणलंय." आणि सुरू केलं. तुझी वाक्यं फार लांब असतात. दोन ठिकाणी अडखळले. पुढच्या वेळी कुणाला काही वाचायला देशील तर श्वास घ्यायला जागा ठेव.

बापाच्या पत्रातला तुकडा आला, झाकण ठेवलं, फिरवलं, तिच्याकडे बघितलं, तेव्हा रे म्हणाला, "घरचं भांडण घरी करावं, बाई." त्याच्यासमोर किटली होती. मी झाकण उचललं, तिच्यावर ठेवलं, फिरवलं आणि त्याच्याकडे बघितलं. म्हणाले, "फिट. हस." पुन्हा म्हणाले, "हस ना रे, रोज हसतोस. कप पाड." पलीकडच्या पोरांनाही म्हणाले, "तुम्ही हसा." मग बाकीचा कागद सही-तारखेसकट वाचून काढला. तोपर्यंत वरच्या बायका जिन्यावर येऊन उभ्या होत्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं.

तुझा बाप भट्टीच्या दाराशी होता. त्याने सगळं ऐकलं. मधेच "मॉरीन" म्हणाला, एकदाच. मी थांबले नाही.

साहेबाने मला वर बोलावलं, की तू शिस्त मोडलीस. मी म्हणाले, कागद वाचायची पद्धत तुम्हीच घातलीत. त्याने चष्मा काढला. मला अजून कामावरून काढलेलं नाही, काढलं तर बघू. वरचं अर्धं काम माझ्या हातावर चालतं. जिन्यावरच्या सहा जणींनी युनियनकडे नावं दिलीयत, त्यात वुलीशायरांच्या पोरीची मावशी आहे. आता चौकशी पुन्हा होईल असं म्हणतात. युनियनच्या माणसाने या खेपेला तुझ्या बापाची बाजू घ्यायला वेळ नाही असं सांगितलंय. नोकरी जाईल बहुतेक. मला वाईट वाटतंय. पगार एकच राहील म्हणून वाटतंय, आणि इतकी वर्षं एका घरात काढली म्हणून वाटतंय, ते तुला सांगायला मी लाजत नाही. पण मी कागद वाचायच्या आधी हा हिशेब केला होता.

येताना टनस्टॉलला उतरले, डॉनाला सांगितलं. तिने अर्धा डझन ओटकेक कागदात बांधले, पैसे पूर्ण घेतले. विचारलं, "रे काय म्हणाला?" मी सांगितलं. ती म्हणाली, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. मागे रांग लागली होती. तुझ्याबद्दल ती काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

भिंतीवरचा तुझा फोटो बापाने काढला होता, मी परत लावला, दोनदा. तो म्हणतो, पोरीने बाप विकला आणि बायकोने पोचवला. मी म्हणाले, गिऱ्हाइकांना तो माल आधीपासून माहीत होता.

इस्टरला ये. फाटकावर नाही, घरी. तो असेल, त्याच्यासमोर बसून जेवायचं, उठून जायचं नाही. तुला काय म्हणायचंय ते त्याच्या तोंडावर म्हण, मी दाराआड उभी राहणार नाही.

आणि पत्र पुन्हा कारखान्यावर पाठवू नकोस. चोरून पत्र घ्यायला मी काही शाळेतली पोर नाही. घरी पाठव. पाकिटावर मॉरीन मॉल्किन लिही, मोठ्या अक्षरात, आणि बघू दे कोण उघडतंय ते.

आई